बाळंतपणाचा दिवस आणि आपला हिशेब

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील महिला-सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या वार्षिक संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, याबद्दल मी कार्यकारी मंडळाची ऋणी आहे. मी विदुषी नव्हे. आरोग्यखात्यात परिचारिका म्हणून उभे आयुष्य काढलेली आणि आता सेवानिवृत्त झालेली आपल्याच ज्ञातीतील एक सून आहे. शिक्षण, वधूवरांची निवड, विद्यार्थ्यांचा निधी या विषयांवर या व्यासपीठावरून अनेक थोरामोठ्यांनी आपणांस मार्गदर्शन केले आहे. मी जो विषय आज घेतला आहे तो दिसावयास अगदी घरगुती आहे. पण त्यातील एका लहानशा चुकीमुळे घरातील पाळणा रिकामा राहू शकतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तो विषय म्हणजे बाळंतपणाची तारीख कशी काढावी आणि काढल्यावर तिचा उपयोग कसा करावा. पुरुषमंडळींपैकी काहीजण हा बायकांचा विषय म्हणून उठण्याच्या बेतात दिसतात. त्यांनी कृपया बसावे. गाडी आणावयाची, पैसा उभा करावयाचा, रानातील काम सोडून बरोबर यावयाचे ते आपणांसच; मग तारीखही आपणांस ठाऊक असावयास नको काय?

गर्भ किती दिवस उदरात राहतो, हा प्रश्न फार जुना आहे. चरकाचार्यांनी नवव्या महिन्यापासून दहाव्यापर्यंतचा काळ प्रसूतीचा मानला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात नवव्यापासून बाराव्या महिन्यापर्यंत प्रसूती होते असे म्हटले आहे. आपल्या घरोघरीच्या बोलण्यात तर ‘नऊ महिने नऊ दिवस’ हे शब्द आईच्या कष्टांची साक्ष म्हणून रूढ झाले आहेत. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीतील हायडेलबर्ग येथील प्रसूतिशास्त्रज्ञ फ्रांझ कार्ल नेगेले (१७७८-१८५१) यांनी जो नियम प्रचारात आणला, तो आजही जगभर दवाखान्यांतून वापरला जातो. आपल्या स्त्रियाही या शास्त्रात मागे राहिल्या नाहीत. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल अवघ्या दहा दिवसांत गेले, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. त्याच आनंदीबाईंनी पुढे १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे वैद्यकीची पदवी घेतली आणि तीसाठी प्रबंध लिहिला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिविद्येवर. आपल्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने विलायतेस जाऊन वैद्यक शिकून आलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी स्त्रियांच्या सेवेत आयुष्य वेचले. हा वारसा आपला आहे. तो चालविण्यास मोठ्या पदवीची गरज नाही. भिंतीवरचे कॅलेंडर आणि एक पेन्सिल एवढे पुरे आहे.

आता प्रत्यक्ष नियमाकडे वळू. शेवटची मासिक पाळी ज्या दिवशी सुरू झाली तो पहिला दिवस घ्यावा. पाळी संपल्याचा दिवस नव्हे, किंवा पुढची पाळी चुकल्याचाही दिवस नव्हे. त्या तारखेतून तीन महिने मागे जावे आणि सात दिवस मिळवावेत. उदाहरणार्थ, शेवटची पाळी १० नोव्हेंबरला सुरू झाली असेल, तर तीन महिने मागे म्हणजे १० ऑगस्ट, आणि सात दिवस मिळविले की १७ ऑगस्ट. हीच पुढील वर्षीची प्रसूतीची अपेक्षित तारीख. हा काळ मोजला तर २८० दिवसांचा, म्हणजे पूर्ण चाळीस आठवड्यांचा भरतो. नऊ महिने आणि सात दिवस! आपल्या आजीबाईंच्या ‘नऊ महिने नऊ दिवसां’त आणि या पंडिताच्या नियमात केवळ दोन दिवसांचे अंतर आहे, हे पाहून कोणाला कौतुक वाटणार नाही?

मात्र येथे एक शंका काढली जाईल. गर्भ तर पाळीच्या पहिल्या दिवशी राहत नाही. मग तेथून मोजणी का? शंका योग्य आहे. ज्या स्त्रीला अठ्ठावीस दिवसांनी पाळी येते तिला गर्भ साधारणतः चौदाव्या दिवसाच्या सुमारास राहतो, आणि तेथून सुमारे २६६ दिवसांनी प्रसूती होते. पण गर्भ राहिल्याचा दिवस कोणास दिसत नाही. पाळीचा दिवस स्त्रीला नक्की ठाऊक असतो. म्हणून जो दिवस ठाऊक आहे तेथून मोजावयाचे, एवढाच त्यातील व्यवहार. ज्या स्त्रीची पाळी पस्तीस दिवसांनी येते तिचा गर्भही तितकाच उशिरा राहतो. म्हणून तिच्या तारखेत सात दिवस आणखी मिळवावेत. पाळी पंचवीस दिवसांनी येत असेल तर तीन दिवस कमी करावेत.

आपल्याकडील पुष्कळ चुका होतात त्या मोजणीच्या आरंभाबद्दल. आपण म्हणतो, ‘अमकीला दिवस गेले’, आणि मोजू लागतो तो महिना चुकला तेथून. डॉक्टर मोजतात त्याच्या चार आठवडे अगोदरपासून. सासू म्हणते पाचवा, डॉक्टर म्हणतात सहावा. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात, पण घरात गोंधळ उडतो. डोहाळजेवणाचा सातवा महिना आपण कोणत्याही रीतीने मोजा, त्याने कोणाचे नुकसान होत नाही. इस्पितळाचा महिना मात्र एकाच रीतीने मोजावयास हवा. आणखी एक चूक अशी की, गर्भ राहिल्यानंतरही काही स्त्रियांना आरंभी थोडासा रक्तस्राव होतो. तो पाळीच समजला जातो आणि हिशेब एक महिन्याने पुढे ढकलला जातो. नेहमीपेक्षा कमी दिवसांचा किंवा कमी प्रमाणाचा स्राव झाला असेल तर ती गोष्ट परिचारिकेस आवर्जून सांगावी. अंगावर पिणारे मूल असताना पाळी न येताच पुन्हा दिवस राहिले असतील, किंवा गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच सोडल्या असतील, तर पाळीवरून काढलेल्या तारखेवर विसंबू नये.

आमच्या पिढीतील आणि आमच्या आधीच्या पिढीतील स्त्रियांना इंग्रजी तारीख लक्षात राहत नसे. तिथी आणि सण लक्षात राहत. ‘नागपंचमीच्या आदल्या दिवशी’, ‘दसऱ्याला मी बाजूला होते’ अशी उत्तरे मी हजारो वेळा ऐकली आहेत. त्यांना मी कधी नावे ठेवली नाहीत, कारण तिथी हेही उत्तम घड्याळ आहे. चांद्रमास सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा असतो. तेव्हा २८० दिवस म्हणजे जवळजवळ बरोबर साडेनऊ चांद्रमास होतात. यावरून एक सोपी रीत निघते: पाळीच्या तिथीपासून नऊ महिने पुढे जावे आणि पक्ष बदलावा. मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला पाळी आली असेल तर नऊ महिन्यांनी येते भाद्रपद शुद्ध पंचमी, म्हणजे ऋषिपंचमी. पक्ष बदलला की भाद्रपद वद्य पंचमी. हा प्रसूतीचा अपेक्षित दिवस. पाळी वद्य पक्षात आली असेल, समजा कार्तिक वद्य तृतीयेस, तर नऊ महिन्यांनी श्रावण वद्य तृतीया आणि त्यानंतरच्या पक्षात भाद्रपद शुद्ध तृतीया, म्हणजे हरितालिकेचा दिवस. इंग्रजी तारखेने मोजा अथवा तिथीने, उत्तरात एकदोन दिवसांहून अधिक फरक पडत नाही.

परंतु तिथीच्या या रीतीत एक खड्डा आहे, आणि त्याची हकीकत सांगण्यासाठीच मी आज उभी आहे.

सन १९९६ ची गोष्ट. मी नुकतीच नोकरीस लागले होते आणि माझी नेमणूक दूरच्या तालुक्यात होती. आमचे घर चंदगड तालुक्याच्या पश्चिम अंगास, घाटाकडील एका वाडीत. माझ्या थोरल्या जाऊबाईंना दिवस होते. त्यांची शेवटची पाळी आदल्या वर्षीच्या दसऱ्याची, हे घरात सर्वांस ठाऊक होते. आमच्या सासूबाई हिशेबाला पक्क्या. वाडीतील निम्म्या बाळंतपणांचा अंदाज त्यांनीच सांगितलेला आणि बहुधा तो खरा ठरलेला. त्यांनी आश्विन शुद्ध दशमीपासून महिने मोजले. त्या वर्षी आषाढ अधिक आला होता. म्हणजे आपल्या बोलीत धोंड्याचा महिना. धोंड्याच्या महिन्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. जावयाला वाण द्यावे आणि देवाचे नाव घ्यावे. ‘अधिकमास हिशेबात धरत नसतात’, असे सासूबाईंनी सांगितले. त्याप्रमाणे दिवस ठरला तो निज आषाढाच्या वद्य पक्षातला, म्हणजे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातला. बेत असा होता की, रोपलावणी आटोपली म्हणजे जुलैच्या अखेरीस जाऊबाईंना खाली माहेरी पोहोचवावे.

जुलैच्या दुसऱ्याच आठवड्यात एका रात्री त्यांच्या पोटात दुखू लागले. आपल्या भागातला आषाढातला पाऊस मी आपणांस वर्णन करून सांगण्याची गरज नाही. ओढ्याच्या फरशीवरून पाणी वाहत होते. वाहन वाडीपर्यंत येण्याचा प्रश्नच नव्हता. वाडीतील चार माणसांनी बाजेची डोली केली, वर घोंगडी घातली आणि पाणी उतरण्याची वाट पाहिली. डोली दवाखान्यात पोहोचली तेव्हा उजाडून गेले होते. जाऊबाई वाचल्या. मूल वाचले नाही.

चार दिवसांनी मी घरी पोहोचले. सर्वांनी मला सांगितले, ‘आठव्या महिन्याचे होते, आठव्याचे जगत नाही.’ तेच जाऊबाईंनाही सांगितले गेले होते आणि त्या दुःखात तोच त्यांचा आधार झाला होता. मुलास हाताळलेली म्हातारी सुईण मात्र मला बाजूस घेऊन म्हणाली, ‘नखे बोटांच्या पुढे आली होती ग, आणि डोईवर दाट जावळ होते.’ त्या रात्री मी दिव्याखाली दिनदर्शिका घेऊन बसले. आश्विन शुद्ध दशमीपासून कार्तिक एक, मार्गशीर्ष दोन, पौष तीन, असे मोजीत आले. ज्येष्ठ आठ, अधिक आषाढ नऊ. पक्ष बदलला: अधिक आषाढ वद्य दशमी, सुमारे १० जुलै. मूल आठव्या महिन्याचे नव्हते. ते पुऱ्या दिवसांचे होते आणि आपल्या वेळेवर आले होते. चुकला होता तो आमचा हिशेब.

भगिनींनो, सासूबाईंना मी दोष देत नाही. त्यांनी जे शिकले तेच केले. अधिकमास धर्मकृत्यांपुरता बाजूस ठेवला जातो. परंतु उदरातील गर्भ पंचांग पाहून वाढत नाही. तो धोंड्याच्या महिन्यातही दररोज वाढतो. म्हणून तिथीने मोजताना अधिकमास एक स्वतंत्र महिना म्हणून मोजलाच पाहिजे. शके १९४८ चे, म्हणजे सन २०२६ चेच उदाहरण घ्या. या वर्षी ज्येष्ठ अधिक असून तो १७ मे ते १५ जून असा आहे. २ ऑक्टोबर २०२५ रोजी दसरा होता. त्या दिवशी जिची पाळी सुरू झाली तिची तारीख नेगेले यांच्या नियमाने ९ जुलै २०२६ येते. तिथीने, अधिक धरून, निज ज्येष्ठ वद्य दशमी म्हणजे त्याच सुमाराचा दिवस येतो. अधिक सोडला तर मात्र आषाढ वद्य दशमी येईल, आणि घर एक महिना निर्धास्त राहील. जे आमच्या घरी घडले ते कोणाच्याही घरी पुन्हा घडू शकते. तेव्हा माझी पहिली विनंती ही की, तिथी सांगा, सण सांगा, पण त्याच दिवशी दिनदर्शिका पाहून इंग्रजी तारीख लिहून ठेवा.

ओघाने आलेल्या त्या समजुतीबद्दलही बोलले पाहिजे. ‘सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही’ ही समजूत केवळ आपल्या वाडीची नाही. प्राचीन ग्रीसमधील हिपोक्राटीस याच्या नावे चालणाऱ्या ग्रंथांत आठव्या महिन्यातील बालकावर स्वतंत्र प्रकरण आहे; आपल्या आयुर्वेदातही आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते, म्हणून त्या महिन्यातील प्रसूती संकटाची मानली आहे. परंतु आजच्या अनुभवाने हे निर्विवाद सिद्ध झाले आहे की, पूर्ण दिवस भरण्याच्या जितके जवळ मूल जन्मते तितकी त्याची जगण्याची शक्ती अधिक असते. आठव्यातील मूल सातव्यातील मुलापेक्षा अधिक बळकट असते. या समजुतीचा खरा घात असा की, आठव्यातील मूल म्हटले की घरातील माणसे आधीच आशा सोडतात आणि इस्पितळात नेण्याची धडपड मंदावते. अशा मुलाला छातीशी उघडे धरून ऊब द्यावी, आईचे दूध पाजावे आणि त्वरित डॉक्टरकडे न्यावे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीसारख्या दुर्गम भागात, गावातल्याच स्त्रियांना शिकवून, घरोघरी नवजात बालकांची अशी काळजी घेतली आणि मृत्यू कितीतरी कमी करता येतात हे दाखवून दिले. त्यांचे ते संशोधन १९९९ साली जगापुढे आले.

आता कोणी म्हणेल, एवढे मोजावयाचे कशाला? सोनोग्राफीचे यंत्र सर्व सांगते. यंत्र सांगते हे खरे. पण केव्हा विचारावे हे आपणांस ठाऊक पाहिजे. ध्वनिलहरींनी गर्भ पाहण्याची विद्या स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे डॉ. इयान डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली प्रसिद्ध केली. त्याच शहरात १९७३ साली डॉ. ह्यू रॉबिन्सन यांनी गर्भाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजून त्याचे वय काढण्याची रीत बसविली. पहिल्या तीन महिन्यांत श्रीमंताचा आणि गरिबाचा, उंच आईचा आणि ठेंगण्या आईचा गर्भ जवळजवळ सारख्याच गतीने वाढतो. म्हणून त्या काळातील मोजणीत पाचसात दिवसांहून अधिक चूक बहुधा राहत नाही. पुढे मात्र आईचा आहार, अंगकाठी, आजार यांमुळे मुलांच्या वाढीत फरक पडतो, आणि शेवटच्या तीन महिन्यांतील मोजणीत तीन आठवड्यांपर्यंत चूक होऊ शकते. परदेशी मापे आपल्या स्त्रियांना तंतोतंत लागू पडत नाहीत हे जाणून भारतीय मातांच्या मापांवरून वय काढण्याची रीत आपल्या शास्त्रज्ञांनी तयार केली आणि ती २०२४ साली प्रसिद्ध केली, ही अभिमानाची गोष्ट आहे. तरीही लवकर केलेल्या तपासणीची सर उशिरा केलेल्या तपासणीस येत नाही.

कित्येक घरी मी पाहते, तीन सोनोग्राफ्या आणि तीन तारखा! घरातील मंडळी त्यांतील आपल्या सोयीची तारीख धरतात. असे करू नये. शेवटच्या तपासणीत मूल बारीक दिसले म्हणून तारीख पुढे गेली, असे समजणे धोक्याचे आहे. कदाचित तारीख तीच असेल आणि मूल खरोखरच बारीक असेल, ज्याकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. पहिल्या तीन महिन्यांत, शक्य तो अकराव्या ते तेराव्या आठवड्यात, एकदा तपासणी करून पाळीची तारीख आणि यंत्राची तारीख डॉक्टरांकडून ताडून घ्यावी. एकदा ठरलेली तारीख पुन्हा बदलू नये. आणि यंत्रापुढे मुलगा की मुलगी हा प्रश्न तोंडातून काढू नये. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. कायदा नसता तरी आपल्या ज्ञातीस तो कलंकच असता.

ज्यांना पाळी आठवत नाही आणि लवकर तपासणीही झाली नाही, त्यांनी निराश होऊ नये. परिचारिका पोटावर हात ठेवून गर्भाशयाची उंची पाहते. ते वीस ते चोवीस आठवड्यांच्या सुमारास बेंबीपर्यंत आणि छत्तीसाव्याच्या सुमारास बरगड्यांच्या मध्यापर्यंत पोहोचते. पहिलटकरणीस मुलाची हालचाल अठराव्या ते विसाव्या आठवड्यात प्रथम जाणवते, दुसऱ्या खेपेस त्याहून थोडी लवकर. तो दिवसही लिहून ठेवावा. ही सारी साक्षीदार मंडळी आहेत. एकटा साक्षीदार चुकेल, चौघे मिळून बहुधा खरे सांगतात.

आता दुसरी महत्त्वाची गोष्ट. तारीख निघाली म्हणजे मूल त्याच दिवशी जन्मते असे नव्हे. बरोबर ठरल्या दिवशी जन्मणारी मुले शंभरांत चारपाचच असतात. सदतीस आठवडे पूर्ण झाल्यावर मूल केव्हाही येऊ शकते. म्हणून तारीख ही भविष्यवाणी नव्हे. ती तयारीची खूण आहे. माझी रीत अशी: तारखेआधी तीन आठवडे आणि तारखेनंतर एक आठवडा, अशा दोन रेघा दिनदर्शिकेवर ओढाव्यात. १७ ऑगस्ट तारीख असेल तर पहिली रेघ २७ जुलैस आणि दुसरी २४ ऑगस्टला. पहिल्या रेघेपूर्वी सर्व तयारी पुरी झालेली असावी. दुसऱ्या रेघेनंतर घरी थांबू नये. दिवस उलटून गेले की वार जुनी होते, गर्भजल कमी होऊ लागते, आणि मूल आत गुदमरण्याचे भय वाढते. ‘मुलगा असेल, म्हणून उशीर’ असल्या गप्पांत मौल्यवान दिवस घालवू नयेत. आणि रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, किंवा मुलाची हालचाल मंदावणे, यांपैकी काही झाले तर रेघ न पाहता तत्काळ निघावे.

आपल्या तालुक्यास या रेघांचे महत्त्व इतरांहून अधिक आहे. येथे पावसाळा हा नुसता ऋतू नसून तो रस्त्यांचा मालक आहे. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत कोल्हापूरजवळ राष्ट्रीय महामार्गच पाण्याखाली गेला होता. मग आपल्या ओढ्यांवरील फरश्यांची काय कथा? १९५६ पर्यंत आपला तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. आज जिल्हा कोल्हापूर असला तरी अडचणीच्या वेळी आपली पावले चंदगडच्या ग्रामीण रुग्णालयानंतर कधी गडहिंग्लजकडे, तर कधी बेळगावकडे वळतात. म्हणजे कधी कधी राज्याची सीमाही ओलांडावी लागते. पलीकडच्या डॉक्टरास आपल्या सुनेची काहीच माहिती नसते. त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘किती आठवडे झाले?’ चौतीस आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर मुलाची फुप्फुसे बळकट करणारी इंजेक्शने आईला द्यावयाची असतात. द्यावीत की नाही हे त्या एका उत्तरावर ठरते. म्हणून माता व बाल संरक्षण कार्ड आणि पहिल्या सोनोग्राफीचा कागद एका पिशवीत घालून ती पिशवी दाराशी टांगून ठेवावी. मुंबईहून बाळंतपणास गावी येणाऱ्या लेकीसुनांनीही तेथील सर्व कागद बरोबर आणावेत.

जून ते सप्टेंबर या काळात ज्यांची तारीख येते, त्या घाटाकडील वाड्यांतील भगिनींनी पहिल्या रेघेलाच चंदगड, गडहिंग्लज अथवा बेळगाव येथे आप्तांकडे मुक्कामास यावे. आपल्या ज्ञातीची घरे या तिन्ही गावी आहेत. मंडळाने अशा घरांची एक यादी करावी, जेथे दूरच्या वाडीतील ज्ञातिभगिनीस दोनतीन आठवडे राहता येईल, अशी माझी कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे. शिष्यवृत्तीइतकेच ते पुण्यकर्म होईल. सरकारी साहाय्यही घ्यावे. २०१६ पासून दरमहा ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची विशेष तपासणी विनामूल्य होते. गावोगावी आशाताई आहेत. १०२ आणि १०८ या क्रमांकांवर रुग्णवाहिका मिळते. परंतु पाण्याने रस्ता तुटला की रुग्णवाहिकाही पलीकडेच उभी राहते, हे विसरू नये.

शेवटी एक नवी रूढी. हल्ली काही सुशिक्षित घरांतून मुलाच्या जन्माचा मुहूर्त काढला जातो आणि त्या मुहूर्तावर शस्त्रक्रिया करावी असा डॉक्टरास आग्रह होतो. आईच्या किंवा मुलाच्या जिवासाठी शस्त्रक्रिया आवश्यक असेल तेव्हा ती अवश्य करावी. पण कारण नसता एकोणचाळीस आठवड्यांपूर्वी मूल बाहेर काढले, तर त्यास श्वासाचा त्रास होण्याचा संभव वाढतो. त्यात मूळ तारीखच चुकलेली असेल तर संकट दुणावते. पूर्वी पंचांगाच्या भीडेने आम्ही एक महिना मोजावयाचा सोडला; आता पंचांगाच्या भीडेने दोन आठवडे कापून टाकू नका.

भगिनींनो, आमच्या जाऊबाईंना पुढे दोन मुले झाली. दोन्ही वेळा त्यांची तारीख मी स्वतः काढली, आणि दोन्ही वेळा सासूबाईंनी ती स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर कुंकवाने खूण करून ठेवली. शेजारणींच्या सुनांच्या खुणाही पुढे त्याच दिनदर्शिकेवर होऊ लागल्या. अधिकमास आला की त्या प्रत्येकीस बजावीत, ‘हा महिना मोजायचा बरं का.’ त्यांचा हा बदल मी माझ्या नोकरीतील सर्वांत मोठी कमाई समजते.

आजपासून आपल्या ज्ञातीतील प्रत्येक घरी अशी एक खूण असावी, आणि ती घरातील पुरुषांनाही वाचता यावी, एवढेच मागणे मी या सभेपुढे ठेवते.